नळी किती फुगते ते छापा: वैद्यकीय साधनांच्या नियंत्रकांना खुलं पत्र

प्रति,
मा. औषध महानियंत्रक (भारत), केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
मा. महासंचालक, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, नवी दिल्ली
माहितीसाठी प्रत: केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय

महोदय,

मी इचलकरंजीचा. कापड तपासणीच्या प्रयोगशाळेत उभी हयात गेली. सूत किती ताणलं की तुटतं, कापड किती दाबाला फाटतं, धुतल्यावर किती आटतं हे आकडे काढायचे आणि खाली सही करायची, एवढंच माझं काम. आता निवृत्त आहे. डाव्या मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत माझ्या पायात एक पांढरी कृत्रिम रक्तवाहिनी बसवलेली आहे. तिच्याबद्दल जो आकडा मला सगळ्यात आधी हवा होता, तो कुठेही छापलेला नाही. छापा, असं तुमचा नियमही कुणाला सांगत नाही. तक्रार तेवढीच आहे, पण तिला फाटे बरेच आहेत. शिवाय अशा नळ्या घेऊन फिरणारे माझ्यासारखे पुष्कळ असल्यामुळे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आधी माझा संबंध सांगतो. मधुमेह जुना. थोडं चाललं की पोटरीत गोळे यायचे. पुढे पुढे रात्री झोपेतही पाय दुखायला लागला आणि अंगठ्याची जखम भरेना. मांडीतली धमनी लांबलचक बंद झाली होती. अशा वेळी पहिली पसंती रुग्णाच्या स्वतःच्या पायातल्या शिरेला असते, पण माझी ती शीर आधीच हृदयाच्या बायपासला वापरून झाली होती. उरली कृत्रिम नळी. ईपीटीएफईची, म्हणजे ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनची. पाय वाचला. दुसरी दिवाळी उजाडायच्या आत खालच्या जोडाशी ती तुंबली. पुन्हा टेबलावर. गुठळी काढली, खालचा तुकडा कापून नवा जोडला. डॉक्टरांनी दोन्ही वेळा मनापासून काम केलं. हॉस्पिटलविरुद्ध माझी तक्रार नाही, आणि माझ्या पायाचं खापर तुमच्या डोक्यावर फोडायचाही विचार नाही.

घरी आल्यावर फाइल चाळली. नळीच्या पाकिटावरचं स्टिकर केसपेपरला चिकटवलेलं होतं. व्यास सहा मिलिमीटर, लांबी, पातळ भिंत, लॉट नंबर, निर्जंतुक केल्याची खूण, वापराची मुदत. ठोक्याबरोबर ही नळी किती फुगते याबद्दल अवाक्षर नाही. ओळखीतून कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावला. पोरगा सज्जन होता, पण म्हणाला, "काका, हे आजवर कुणीच विचारलं नाही." सर्जनसुद्धा? "सर साइज विचारतात. रिंगवाली आहे का विचारतात."

साडीच्या अस्तराचं कापड पेठेत विकायचं तरी व्यापारी ताण आणि बर्स्टिंग विचारतो. आकडा नसेल तर गाडी परत पाठवतो.

आता हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते सांगतो. तुम्हाला ठाऊक आहेच. पण पत्र उघडं आहे आणि वाचणाऱ्यांत माझे गाववालेही असतील.

निरोगी धमनी प्रत्येक ठोक्याला जराशी फुगते आणि परत मूळ मापावर येते. तिच्या भिंतीत मुख्यतः दोन जातींचे तंतू भार पेलतात. कमी दाबाला इलास्टिन ताण घेतं, तेव्हा भिंत सहज सैल होते. दाब वाढला की वळ्या पडलेले कोलॅजनचे तंतू सरळ होतात, भार आपल्याकडे घेतात आणि भिंत ताठ होते. सूत-कापडात आयुष्य काढलेल्या माणसाला हे वाचून हेवा वाटतो. आधी मऊ आणि वेळ आली की कडक, असं एकच कापड विणून दाखवा म्हटलं तर भल्याभल्या मास्तरांना घाम फुटेल. टेफ्लॉनच्या किंवा डेक्रॉनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या, नळीत ही दुहेरी चाल नाही. ती आधीपासूनच ताठ.

किती ताठ? या विषयावरच्या लेखांतून एक जुना तक्ता वर्षानुवर्षं फिरतो आहे. दाब 100 मिलिमीटर पाऱ्याने वाढला तर व्यास किती टक्क्यांनी वाढतो, ते त्यात दिलेलं असतं: धमनी सुमारे 5.9, पायातली स्वतःची शीर 4.4, डेक्रॉन 1.9, ईपीटीएफई 1.6. माझ्या सहा मिलिमीटरच्या नळीवर हे मांडून पाहिलं. रक्तदाब 120/80 धरला तर दर ठोक्याला 40 चा फरक. तेवढ्याच व्यासाची निरोगी धमनी त्यात सुमारे 0.14 मिलिमीटर फुगते. माझी नळी 0.04 सुद्धा नाही. दोघी एकमेकींना टाक्यांनी शिवलेल्या, आणि ही ओढाताण दिवसाला लाखभर वेळा.

जोडावर मग काय होतं? एक बाजू हलते, दुसरी हलत नाही. टाक्याच्या आसपास रक्ताचा प्रवाह घुटमळतो, मागेपुढे होतो. आतल्या अस्तराला जे सरळ, एकसारखं घर्षण मिळायला हवं ते मिळत नाही. भिंतीतल्या स्नायुपेशी याला इजा समजून आतल्या अंगाला सरकतात आणि वाढत राहतात. अस्तर जाड होतं, वाट अरुंद होते आणि एके दिवशी गुठळी अडकते. डॉक्टर याला इंटिमल हायपरप्लेजिया म्हणतात. पोटातल्या महाधमनीला बसवलेल्या रुंद नळ्या वर्षानुवर्षं चालतात. सहा मिलिमीटरच्या आणि त्याहून बारीक नळ्या मात्र नेमक्या अशाच मार खातात.

ताठपणा हे एकमेव कारण आहे असं मी म्हणत नाही. स्वतःची शीर टिकते, त्यात तिच्या आतल्या जिवंत अस्तराचाही वाटा असतो. पण ताठपणाचा परिणाम वेगळा काढून दाखवणारा प्रयोग 1987 सालीच छापून आला आहे. बोस्टनचे सर्जन विल्यम अ‍ॅबट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्याच धमन्यांचे तुकडे रसायनाने प्रक्रिया करून दोन तऱ्हेचे बनवले, एक लवचीक आणि एक ताठ. बाकी व्यास, आतला पृष्ठभाग, सगळं सारखं. तीन महिन्यांनी लवचिकांपैकी बहुतेक चालू होते. ताठांपैकी निम्मेसुद्धा राहिले नव्हते. आमच्या प्रयोगशाळेत नमुन्याची अशी जोडी मिळाली असती तर साहेबांनी त्याच दिवशी मानक बदलायला घेतलं असतं.

आता तक्रारी.

पहिली लेबलची. वैद्यकीय साधनांचे नियम 2017 मध्ये आले आणि 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. जिथे भारतीय मानक नाही तिथे आंतरराष्ट्रीय मानक पाळा, असं त्यांत म्हटलं आहे. कृत्रिम रक्तवाहिन्यांसाठी आयएसओ 7198 हे मानक आहे. त्यात फाटण्याचा दाब, टाका धरण्याची ताकद, वाकवल्यावर कुठे मुडपते, या चाचण्यांच्या बरोबरीने दाबाबरोबर व्यास किती बदलतो हे मोजायचीही रीत दिलेली आहे. दाबाच्या 50 ते 90, 80 ते 120 आणि 110 ते 150 मिलिमीटर पारा, अशा तीन पट्ट्यांत. म्हणजे मोजायचं कसं हा प्रश्न सुटलेला आहे. आकडा कंपनीच्या कपाटात असणार, असं मी धरून चालतो. नसेल तर ते आणखी वाईट. मग तो सर्जनच्या आणि रुग्णाच्या हातात द्यायला अडचण काय? तुमच्या लेबलच्या यादीत मुदत आहे, बॅच आहे, परवाना क्रमांक आहे. जोडाशी रोज झुंजणारा गुणधर्म मात्र नाही.

दुसरी तक्रार मी तपासनीस म्हणून करतो आणि तिच्यावर जास्त बोलणार आहे. कारण आकडा छापला तरी कोणता छापायचा, हा प्रश्न उरतोच.

डेक्रॉनचं उदाहरण घ्या, ते आमच्या धंद्यातलं. 1950 च्या दशकात ह्यूस्टनच्या मायकेल डीबेकींनी दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे विणलेल्या आणि निटिंगच्या नळ्या आल्या. वाकताना मुडपू नयेत म्हणून त्यांना चुण्या पाडतात. अशी नळी हातात घेऊन ओढली की मस्त लांब होते. बघणाऱ्याला वाटतं, वा, काय लवचीक आहे! पण ती ताणली जाते लांबीत. ठोक्याला हवा असतो घेरातला ताण, आणि चुण्यांनी त्यात फारसा फरक पडत नाही. उभ्या आणि आडव्या धाग्यांचा ताण वेगळा मोजायचा, हे आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवतात. म्हणून "लवचीक" एवढा शब्द ब्रोशरवर छापून भागणार नाही. कुठल्या दिशेने, कुठल्या दाबाला, किती, हे पाहिजे.

पुढचा भाग याहून अवघड. कोरी नळी पाकिटातून काढून मोजली तर एक आकडा येतो. शरीरात गेल्यावर तिच्या छिद्रांत आणि भोवती पेशीजाल वाढतं आणि ती आणखी ताठ होते. खुद्द टाक्यांची ओळही ताठ असते; तिथला धागा फुगत नाही. टाक्यापासून काही मिलिमीटर अंतरावर धमनीचा एक पट्टा उलट नेहमीपेक्षा जास्त फुगतो, असंही संशोधकांना आढळलेलं आहे. म्हणजे सुट्या नळीचा आकडा धमनीशी तंतोतंत जुळला तरी जोड जुळेलच असं नाही. कोऱ्या कापडाचा रिपोर्ट वेगळा आणि शिवून, वीस वेळा धुतलेल्या सदऱ्याचा वेगळा. आम्ही गिऱ्हाइकाला दोन्ही देतो. नळीचेही दोन्ही मागायला हवेत: कोरी असताना, आणि टाके घालून कोट्यवधी ठोक्यांइतकी हलवल्यानंतर.

जाता जाता उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल की म्हातारा मऊपणाच्याच मागे लागला आहे. मऊपणापायी मजबुती गेली तर तेही जिवावर बेततं. पॉलियुरेथेनच्या नळ्या टेफ्लॉनपेक्षा छान फुगतात, पण त्यांचे काही जुने प्रकार शरीरात हळूहळू झिजले. अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये मानवी पेशींपासून वाढवलेल्या आणि नंतर पेशी धुऊन काढलेल्या रक्तवाहिनीला हातापायांच्या दुखापतींसाठी मान्यता दिली. तिच्या माहितीपत्रकावर नळी फुटण्याचा आणि जोड सुटण्याचा धोका ठळक चौकटीत छापायला लावला. मला ही पद्धत आवडली. माल बाजारात येऊ दिला आणि त्याची खोटही पाकिटावर लिहायला लावली. उद्या अशा नळ्या आपल्याकडे येतील तेव्हा आपण पाकिटावर काय लिहून घेणार, हे आजच ठरवायला हवं.

तिसरी तक्रार, तुंबलेल्या नळ्यांची नोंद. साधनांमुळे झालेला अपाय कळवण्यासाठी 2015 पासून मटेरियोव्हिजिलन्सचा कार्यक्रम आहे, गाझियाबादहून चालतो. चांगलीच गोष्ट. पण पायातली नळी तुंबली की "आजार पुढे सरकला" असं म्हणून विषय मिटतो. तो साधनाचा दोष मानून कळवावा असं कुणाला वाटत नाही, आणि बऱ्याचदा तो निव्वळ साधनाचा दोष नसतोही. म्हणूनच वेगळी नोंदवही लागते. कोणती नळी, कोणत्या मापाची, कुणाला बसवली, किती काळ चालली. स्वीडनमध्ये रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियांची अशी नोंदवही 1987 पासून आहे.

माझ्या पायातून कापून काढलेला तुकडा हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत गेला. नियमाप्रमाणे तिथेच जायला हवा होता. पण मला तो पाहायचा होता. दोन वर्षांच्या आत त्याच्या भिंतीत काय भरलं, तो किती ताठ झाला, हे मशीनवर लावून एका दुपारी कळलं असतं. रोज देशात कुठे ना कुठे असे तुकडे पिवळ्या पिशवीत जातात आणि त्यांच्याबरोबर आकडेही जातात.

चौथी तक्रार परिषदेकडे. नळी धमनीशी जुळवायची म्हणता, पण कुणाच्या धमनीशी? आपल्याच इंडियाब पाहणीने 2023 मध्ये देशात 10.1 कोटी मधुमेही असल्याचं सांगितलं. मधुमेहाने आणि वयाने धमनी ताठ होते, तिच्या भिंतीत चुना साठतो. पायाची बायपास ज्यांना लागते त्यांत असेच जास्त. त्यांच्या धमनीचा आकडा तरण्याताठ्या माणसाच्या 5.9 च्या आसपास असेल कशावरून? अति मऊ नळी अशा धमनीला जोडली तर बेमेळ तसाच राहील, फक्त बाजू बदलेल. सोनोग्राफीवर ठोक्यागणिक व्यास किती बदलतो ते दिसतं, आणि दंडावरचा रक्तदाब मोजता येतो. एवढ्यावर अंदाज बांधता येतो. बायपासला येणाऱ्या रुग्णांची ही मोजणी देशातल्या काही मोठ्या रुग्णालयांतून एका पद्धतीने झाली, तर नळी बनवणाऱ्याला निदान नेम कुठे धरायचा ते कळेल.

वस्त्रोद्योग मंत्रालयाला प्रत पाठवतो आहे, त्याचंही कारण आहे. 2020 मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी 1,480 कोटींचं राष्ट्रीय अभियान जाहीर झालं. वैद्यकीय वस्त्रं त्यात येतात. दवाखान्यातल्या चादरी, उशांच्या खोळी, सॅनिटरी पॅड, डायपर यांच्यासाठी गुणवत्तेचा आदेशही निघाला. उशीची खोळ मानकात बसते आणि माझ्या पायातली नळी काय गुणाची ते मला कळत नाही, हे जरा उफराटंच आहे. माणसं आणि मशीन नाहीत असंही नाही. कोइम्बतूरला सिट्रा या वस्त्र संशोधन संस्थेत वैद्यकीय वस्त्रांचं केंद्र आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने देशी हृदय-झडप बनवून दाखवली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर जाणणारी माणसं आहेत. आमच्या इचलकरंजीत डीकेटीई आहे, जिथे पोरं वस्त्र अभियांत्रिकी शिकून बाहेर पडतात आणि बहुतेक शर्टिंगच्या धंद्यात जातात. यंत्रमागावर रक्तवाहिन्या विणा, असं वेड्यासारखं मी सांगणार नाही. पण घेरातला ताण मोजणारं चाचणीचं यंत्र उभं करायला आणि दोन जातींचे धागे एकत्र विणून ती आधी मऊ, मग कडक चाल जमते का ते पाहायला इथली माणसं पुरेशी आहेत.

मागण्या लिहून देतो, म्हणजे उत्तर देताना सोपं जाईल.

1. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कृत्रिम रक्तवाहिनीच्या माहितीपत्रकावर आणि रुग्णाला मिळणाऱ्या कार्डावर, दाबाच्या तिन्ही पट्ट्यांतली लवचिकता एकाच एककात छापणं सक्तीचं करा. किती असावी याची मर्यादा आजच ठरवू नका. ती ठरवण्याइतकी माहिती अजून हाताशी नाही. आधी छापायला लावा.

2. कोऱ्या नळीचा आणि टाके घालून थकवलेल्या नळीचा, असे दोन्ही आकडे नोंदणीच्या वेळी मागा. आयात मालालाही तोच नियम.

3. पायाच्या बायपाससाठी आणि डायलिसिससाठी बसवलेल्या कृत्रिम नळ्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू करा. रुग्णाचं नाव गुप्त ठेवा, लॉट नंबर आणि नळी किती काळ चालली ते उघड करा.

4. काढलेल्या नळ्या रुग्णाच्या संमतीने तपासणीला पाठवायची वाट काढा. एक-दोन संस्था नेमा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात त्यासाठी काय सोय लागेल ती लेखी सांगा, म्हणजे हॉस्पिटलं घाबरणार नाहीत.

5. परिषदेने बायपासच्या रुग्णांच्या धमन्यांच्या लवचिकतेची मोजणी हाती घ्यावी आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवावेत.

6. कार्ड रुग्णाच्या भाषेत असू द्या.

यातल्या पहिल्या मागणीला नवा शोध लागत नाही, निधी लागत नाही. एक अधिसूचना आणि लेबलवर एक ओळ. सहा महिने पुरेत. तिसऱ्या आणि पाचव्या मागणीला वेळ लागेल, हे मला समजतं. पण कामाला कधी हात घालणार, ती तारीख तरी कळवा.

ज्यांच्या अंगात अशी नळी आहे त्यांनी आपल्या फाइलमधलं स्टिकर काढून पाहावं आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हा आकडा विचारावा. डॉक्टरांना माहीत नसेल तर वाद घालू नका, त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही. त्यांनी कंपनीला विचारावं. चार सर्जन विचारायला लागले की तो प्रतिनिधी "कुणीच विचारलं नाही" असं म्हणू शकणार नाही.

महोदय, उत्तर मराठीत द्या, हिंदीत द्या, इंग्रजीत द्या, काहीही चालेल. आकडा मात्र दशांशासकट हवा.

आपला,
एक निवृत्त कापड-तपासनीस
इचलकरंजी, जि. कोल्हापूर